उत्तर माहीत असणाऱ्याने बाहेर थांबावे

७ जानेवारी

खटपट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. फोनवर तू "हं, हं, आणखी काय?" करतोस आणि बाबा माझ्या शेजारीच बसलेले असतात. त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल काय बोलणार, डोंबल? म्हणून लिहिते आहे.

बाबांचं डोकं पहिल्यासारखं चालत नाही. हे मी मागे एकदा सांगितलं तर तू म्हणालास, "ताई, या वयात सगळेच विसरतात." अरे, सगळे चष्मा विसरतात. बाबा परवा जनावरांची अक्कल मोजणाऱ्या त्यांच्या संस्थेतून घरी यायची वाट विसरले. आपण शाळेत जायचो तेव्हापासून चालतायत ती वाट. कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्याने त्यांना हाताला धरून आणून सोडलं, आणि दारात उभे राहून बाबाच त्याला म्हणतात, "या ना, संकोच करू नका, हे माझंच घर आहे." जणू तोच चुकला होता आणि यांनी त्याला आणलं! मला हसू आलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडूही आलं.

तू म्हणालास डॉक्टरला दाखव, तर दाखवलं. मेंदूच्या डॉक्टरीणबाई आहेत, तरुण आहेत. शाळेत असताना बाबांच्या 'अक्कल कोणाला?' या व्याख्यानांना यायच्या म्हणे. बाबांना बघून उठूनच उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल. मी म्हटलं, राहू दे, मी असले की त्यांना बरं वाटतं. आज वार कोणता, महिना कोणता, हे तीन शब्द लक्षात ठेवा, मी मघाशी काय म्हणाले ते परत सांगा, असली ती परीक्षा. बाबा एखाददुसरं चुकले, बाकी पास. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, सरांची बुद्धी अजून आपल्यापेक्षा तल्लख आहे.

मग मला घरात जे दिसतं ते काय आहे? माझंच काही बिनसलंय का? खरंच कळत नाही रे. पुढच्या महिन्यात यंदाचं व्याख्यान आहे. त्या व्याख्यानाचं नाव काढलं की तुझं डोकं फिरतं, माहीत आहे. तू घरी होतास त्या शेवटच्या वर्षी भरल्या सभागृहात त्यांनी तुझ्या यंत्राची थट्टा केली. बाईसाहेब शेळी, प्रेक्षकांतलं एक पोर आणि तुझं यंत्र यांच्यापुढे वाट्या उपड्या घातल्या, एकीखाली गाजर ठेवलं आणि दिवे विझवले. शेळीने वासावरून गाजर काढलं, पोराने चाचपून काढलं, तुझं यंत्र अंधारात टेबलावर हात आपटत बसलं. लोक हसले आणि बाबाही हसले. तू वायरी गुंडाळल्यास आणि त्याच आठवड्यात परदेशी निघून गेलास. तुझा राग मला कळतो. पण यंदा तू यावंस असं मला फार वाटतं. नाहीच जमलं तर निदान पत्राला उत्तर तरी दे.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

खटपट्या,

तुझं दोन ओळींचं उत्तर मिळालं. "डॉक्टर म्हणतात ठीक आहेत, मग तू उगाच घाबरतेस." आता हे नीट वाच, आणि बसून वाच.

व्याख्यान झालं. सभागृह भरलेलं होतं, मागे लोक उभे होते. मी नेहमीसारखी पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर. बाबा झकास बोलत होते. यंत्रं, जनावरं, माणसं, सगळ्यांची मापं काढत होते. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात मागून दिवेवाल्याने हात केला, माईकचं काहीतरी खरखरत होतं, म्हणून मी उठून मागे गेले. आणि बाबा थांबले. "माणसाची बुद्धी ही... माणसाची..." आणि पुढे काहीच नाही. लोकांना वाटलं, सर मुद्दाम थांबलेत. एकाने तर टाळी वाजवली. मी वळून पाहिलं तर बाबा माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. ताटातून काहीतरी नाहीसं झाल्यावर लहान मूल बघतं ना, तसे. मी धावत येऊन बसले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि वाक्य पुढे सुरू झालं.

त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि ते तुलाही कळेल, कारण आपण दोघं त्या प्रयोगशाळेतच वाढलो.

दारावरची पाटी आठवते? बाबांच्याच हाताची. 'उत्तर माहीत असणाऱ्याने बाहेर थांबावे.' बाईसाहेब सुरुवातीला दर वेळी बरोबर वाटी ओळखायच्या. बाबा हवेत होते, निबंध लिहून तयार होता. मग त्यांच्या लक्षात आलं की शेळीला वाटी कळत नाही, राखणदाराचा पाय कळतो. गाजर कुठे आहे ते त्याला माहीत असायचं आणि त्याचं पाऊल नकळत तिकडे वळायचं. त्या बिचाऱ्याला स्वतःला पत्ता नव्हता. बाबांनी अख्ख्या वर्षाचं काम स्वतःच्या हाताने फाडून टाकलं आणि ती पाटी लावली.

आता ऐक. डॉक्टरीणबाईंनी वार विचारला तेव्हा बाबा म्हणाले, "मंगळ..." आणि माझ्याकडे पाहिलं. "नाही, बुधवार." तीन शब्दांतला एक शब्द चावी होता आणि घराच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात होता, मी तो घट्ट धरून बसले होते! त्या पाटीखाली माझं अर्धं आयुष्य गेलं. शिकाऊ पोरींना मी ओरडते, जनावराकडे बघू नका, श्वाससुद्धा रोखू नका, त्यांना कळतं. आणि स्वतःच्या बापाच्या परीक्षेत मीच राखणदार होऊन बसले.

आणि तुझे ते रविवारचे व्हिडिओ कॉल. तू दर वेळी म्हणतोस ना, बाबा कॅमेऱ्यात का बघत नाहीत? अरे, मी फोनच्या मागे बसलेली असते. ते माझ्याकडे बघतात. तू विचारतोस, "जेवलात का?" मी मान हलवते. तू विचारतोस, "कोण बोलतंय, ओळखलंत का?" आणि माझा चेहरा उजळतो, कारण तू आहेस म्हणून तो उजळतो, आणि त्यावरून त्यांना कळतं की हा माणूस घरातला आहे. एवढ्यावरच चाललंय सगळं.

मी परत डॉक्टरीणबाईंकडे गेले. सगळं सांगितलं आणि या वेळी बाहेर थांबले. बराच वेळ लागला. बाई बाहेर आल्या त्या चष्मा पुसतच. मला म्हणाल्या, "सरांना मुलगा आहे ना? तो आला की ओळखतील अजून?" मी म्हटलं, ओळखतील, नक्की ओळखतील. त्या म्हणाल्या, "मग त्याला लवकर बोलवा. फार वाट बघू नका."

तर बोलावते आहे. ते तुला ओळखतायत तोवर ये. भांडायला ये, हवं तर. त्यांना चार शब्द सुनव, पण कोण सुनावतंय ते त्यांना कळेल अशा वेळी सुनव. नंतर तुझा राग घेऊन तू कुणाकडे जाणार?

ताई


११ एप्रिल

खटपट्या,

खोकं पोचलं.

खरं सांगू, दारावर बेल वाजली तेव्हा मला वाटलं तूच आलास. केस नीट केले मी! दार उघडलं तर खोकं घेऊन पोचवणारा उभा.

तुझी चिठ्ठी वाचली. मोठं प्रदर्शन आहे, वर्षभराचं काम आहे, आता सुट्टी घेतली तर सगळं अडून बसेल. सगळं मान्य. पण मी भाऊ मागवला होता आणि तू यंत्र पाठवलंस. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. ते खोकं तसंच कोपऱ्यात सारून दिलं. मग बाबांनीच ते उघडलं.

आता यंत्राबद्दल सांगते, नाहीतर म्हणशील ताई वाकड्यात शिरते. मडक्याएवढं डोकं, मान वळते, डोळ्याच्या जागी काच. टेबलावर ठेवलंय. मी खोलीत शिरले की ते म्हणतं, "बाबा, ताई आली." शेजारच्या काकू आल्या की "बाबा, काकू आल्या." गोळ्यांची वेळ सांगतं. मी नेमकं तेच करत होते, फक्त चेहऱ्याने, हे तोंडाने करतं. तू हुशार आहेस, त्यात वाद नाही. पण त्यात आवाज स्वतःचा का घातलास रे? "बाबांना ओळखीचा आवाज बरा वाटेल," म्हणे चिठ्ठीत. तू घरात नाहीस आणि तुझा आवाज मला बघून म्हणतो, ताई आली.

बाबांनी आधी त्याची सालटी काढली. "हा डबा काय शिकवणार मला?" मग स्वयंपाकघरातून वाट्या आणल्या, एकीखाली गाजर ठेवलं आणि पडदे ओढून घेतले. मी दारातच थिजले. म्हटलं, आता पुन्हा हसतात की काय. यंत्राला काही जमलं नाही. ते म्हणालं, "बाबा, मला दिसत नाही." आणि बाबा काय म्हणाले माहीत आहे? "हरकत नाही. सावकाश कर. बाईसाहेबांनाही वेळ लागला होता." आणि उठून पडदे उघडले.

त्या दिवशी सभागृहात एवढंच तुला म्हणाले असते तर तू गेला असतास का?

बाकी ते बरे आहेत. यंत्र आवडलंय त्यांना. तू कधी येतोस?

ताई


३० मे

खटपट्या,

मागच्या पत्रात "यंत्र आवडलंय" असं लिहून मी गप्प बसले. पूर्ण खरं नव्हतं ते. तुला वाईट वाटेल म्हणून हात आखडला. आता वाटतं, तुला वाईट वाटायलाच हवं, म्हणजे तरी हलशील.

ते त्या यंत्राला खटपट्या म्हणतात.

आधी मला वाटलं, गंमत करतायत. तुम्ही दोघं मला चिडवायचात ना, तसं काहीतरी. पण नाही. सकाळी उठले की विचारतात, "खटपट्या उठला का?" चहा घेऊन त्याच्यासमोर बसतात. संस्थेचं सगळं सांगतात, कुणी कसला निबंध लिहिला, कुठला कावळा काय शिकला. कावळे केव्हाच गेले, पण ते असू दे. यंत्र म्हणतं, "वा, बाबा. मग पुढे काय झालं?" तू त्याला हे कुठून शिकवलंस? तू स्वतः तर त्यांना कधी असं विचारल्याचं मला आठवत नाही. आणि त्यांनीही कधी तुला असं सांगितल्याचं आठवत नाही.

परवा त्यांनी त्याला विचारलं, "तू घरी कधी येणार?" मला हायसं वाटलं, म्हटलं, चला, आत कुठेतरी त्यांना माहीत आहे की खरा मुलगा लांब आहे. तेवढ्यात तुझ्या आवाजात उत्तर आलं, "मी इथेच आहे, बाबा." बाबा हसले. म्हणाले, "हो की. विसरलोच."

मी ते बंद करायला गेले होते. हात लावला आणि परत मागे घेतला. कारण ते आल्यापासून बाबा रडत नाहीत. आधी संध्याकाळी रडायचे, घरी जायचं म्हणायचे, घरात बसून! आता नाही. सांग, काय करू मी? ठेवलं तर तुझी जागा जाते आणि काढलं तर त्यांचा आधार जातो. मी दोन्हीकडून हात टेकले.

रविवारी तू फोन केलास तेव्हा मी मुद्दाम फोनच्या मागे बसले नाही. तू पाहिलंसच. बाबा तुला म्हणाले, "आपण कोण?" आणि मग टेबलाकडे वळून म्हणाले, "बघ रे, कुणाचा तरी फोन आहे." तू लगेच म्हणालास, आवाज नीट येत नाही, नंतर करतो. आवाज चांगला येत होता रे.

आतातरी ये. प्रदर्शनात यंत्र काय, पुढच्या वर्षीही दाखवशील.

ताई


२२ जुलै

खटपट्या,

येतोयस! पत्र दोनदा वाचलं. मग बाबांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अरे वा, कोण येतंय?" असो.

तुझ्या अटी वाचल्या. यंत्र आदल्या दिवशीपासून बंद ठेवायचं. मी खोलीत थांबायचं नाही, दारातसुद्धा नाही. बाबांना आधी काही सांगायचं नाही, तुझा फोटो दाखवायचा नाही. "ते मला स्वतःहून ओळखतात का, एवढंच मला बघायचं आहे. तुझ्या तोंडावरून ओळखलेलं मला नको."

बापाचा मुलगा शोभतोस रे! इतकी वर्षं तोंड फिरवून बसलास आणि शेवटी त्यांचीच पाटी घेऊन येतोयस. मला एकच सांग, भेटायला येतोयस की परीक्षा घ्यायला? मी खोलीत असले तर त्यांना सांगेन ना. नजरेने सांगेन, हा आपला आहे, हा तोच आहे. तेवढी लबाडी चालवून घे की. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघूनच तर जगतात. मला ती अट पटलेली नाही आणि मी तसं बजावून ठेवते आहे.

पण तुला तसंच हवं असेल तर तसंच करू. तू येतोयस, हेच खूप आहे. घर आवरून ठेवलंय. तुझी जुनी खोली मी कधी कुणाला दिली नाही. राहायला ये नीट, उभ्या उभ्या नको.

ताई


९ ऑगस्ट

खटपट्या,

तू जिन्याने उतरून गेलास आणि वर पाहिलंसुद्धा नाहीस. मी खिडकीत उभी होते. खोलीतली चादरसुद्धा चुरगळली नाही तुझी.

मी दाराबाहेर होते. तुला वाटत असेल ताईला काही माहीत नाही, आणि तू कधी सांगायचाही नाहीस. तर ऐक, मी सगळं ऐकलंय. हे तुझ्या एकट्याच्या डोक्यावर राहू नये म्हणून लिहिते आहे.

तू आत गेलास. बाबा म्हणाले, "या, बसा. व्याख्यानाचं विचारायला आलात का?" तू म्हणालास, "बाबा, मी." तू परत म्हणालास, "मी आलोय, बाबा." मी बाहेर कानात प्राण आणून उभी. दार ढकलून आत जावं, तुझा हात धरून त्यांच्यापुढे करावा, असं सारखं मनात येत होतं. तुझी अट होती म्हणून थांबले. झक मारली आणि थांबले.

मग बाबांचा आवाज आला. तो आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. बाबा कधी कुणाची विनवणी करत नाहीत ना. ते म्हणाले, "तुम्हाला यंत्रातलं कळतं का हो? एक काम कराल? हा माझा मुलगा कालपासून बोलत नाहीये. मी हाका मारून दमलो. जरा बघता का? त्याला काही झालं तर नाही ना?"

मग कळ दाबल्याचा आवाज आला. आणि मग तुझाच आवाज आला, पण तो तुझा नव्हता. "बाबा, मी आहे."

बाबा रडले. "आलास का रे," म्हणाले. "किती घाबरवलंस." मग तुला म्हणाले, "फार उपकार झाले. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." तू बाहेर आलास. मी चहा ठेवलाच होता. तू माझ्याजवळून गेलास, चप्पल घातलीस आणि गेलास.

चूक माझी, तुझी की बाबांची, मला कळत नाही. तू आदल्या दिवशी ते बंद करायला सांगितलं नसतंस तर त्यांनी त्याच्यासाठी असा जीव टाकला नसता, आणि कदाचित तुझ्याकडे नीट पाहिलं असतं. की तरीही नसतं पाहिलं? मी आत असते तर? रोज हेच डोक्यात फिरतं. काही हाती लागत नाही.

पोचलास का, एवढं तरी कळव.

ताई


४ सप्टेंबर

खटपट्या,

तुझं पत्र आलं. "आता परत येण्यात अर्थ नाही. ज्याला भेटायचं तो तिथे राहिलेला नाही, आणि त्याच्या दृष्टीने मीही नाही. यंत्र चालू ठेव, त्याचा सगळा खर्च आणि देखभाल मी इथून बघेन." आणि खाली सही. नाव पूर्ण लिहिलंस, आडनावासकट. मला!

आता माझं ऐक.

बाबा तुझी चौकशी करतात. तू म्हणजे तू, तो आलेला माणूस. रोज करतात. त्यांना माझं नाव दोन दोन दिवस सापडत नाही, पण तू लक्षात राहिलायस. "तो मेकॅनिक परत येणार आहे का?" विचारतात. "भला माणूस होता. किती हळुवार हात होता त्याचा. आणि बघ, चहासुद्धा न घेता गेला. आपलं काही चुकलं का?" मग ते टेबलाकडे वळून विचारतात, "तुला काय वाटतं रे, येईल का तो?" आणि ते तुझ्या आवाजात म्हणतं, "मला माहीत नाही, बाबा."

मुलगा म्हणून ते तुला ओळखत नाहीत, आणि आता ओळखणारही नाहीत. ते गेलं. त्याला माझा इलाज नाही, डॉक्टरीणबाईंचा नाही, तुझ्या यंत्राचाही नाही. मी त्यासाठी इतके महिने तुझ्या हातापाया पडले, आता पडत नाही. पण त्यांना तू आवडलायस, खटपट्या. कुणी सांगितलं नाही त्यांना, मी खोलीत नव्हते, नजरेने काही सुचवलं नाही. तुझ्याच अटीवर, त्यांनी स्वतःहून तुला पाहिलं आणि तू त्यांना आवडलास. मुलगा असताना तुला हे कधी मिळालं नाही. मेकॅनिक म्हणून मिळतंय तर मेकॅनिक म्हणून घे.

आज सकाळी मी यंत्राची वायर काढली आणि पिठाच्या डब्यात लपवली. बाबांना सांगितलं, बिघडलंय. मला माहीत आहे मी काय केलंय. त्यांनी त्याला हाका मारल्या, मग मला म्हणाले, "मेकॅनिकला बोलाव." मी म्हटलं, बोलावलंय. मला जास्त दिवस हे निभणार नाही. त्यांचे हाल बघवले नाहीत तर मी वायर परत लावीन, आणि मग यापुढे तुला एक अक्षर लिहिणार नाही.

त्यांनी इस्त्रीचा सदरा मागून घेतला. दारात खुर्ची टाकून बसलेत. जिन्यात पाऊल वाजलं की उठून उभे राहतात.

ताई